डांबराचा वैरी

रस्ता चांगला झाला म्हणून हळहळणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर कुठल्याही रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत या. बी विंगखालच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे एक थार उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पाय रानवाट्यांचे. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. अशी माणसं बाणेरपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक गृहसंकुलात एखाददुसरी असतातच. तेव्हा सगळ्यांत मिळून एक आडनाव असलेलं बरं.

रानवाट्यांचं भांडण डांबराशी आहे. बाकीचे नागरिक खड्ड्यांबद्दल तक्रार करतात, रानवाटे ते बुजवल्याबद्दल करतात. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत पक्के रस्ते जाऊ लागले, ही त्यांच्या लेखी देशाच्या इतिहासातली एक दुर्दैवी घटना आहे. “मुळशीच्या मागे त्या वाडीला जाताना काय सुरेख दगडगोटे होते हो! ओढ्यात गाडी घालावी लागायची. आता पूल बांधून ठेवलाय,” असं ते परवा सांगत होते. ऐकणाऱ्याला वाटावं, ओढ्यावर कुणीतरी अतिक्रमण केलंय. समृद्धी महामार्गाचं नाव काढलं तरी त्यांना जांभई येते. सातशे एक किलोमीटर आणि एका जागी ‘फोर-लो’ टाकावा लागत नाही. मग माणसाने नागपूरला जायचंच कशाला? (फोर-लो म्हणजे चारही चाकांना ताकद आणि गिअर अगदी खालचा. चढ, चिखल आणि खडक यांच्यासाठी असतो. रानवाटे तो पार्किंगच्या उतारावर टाकतात, गंज लागू नये म्हणून.) मुंबई–गोवा महामार्गाविषयी मात्र त्यांच्या मनात ओलावा आहे. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललेलं. तेही आता संपत आलं अशी बातमी छापून आली की त्यांचा चेहरा उतरतो, आणि मग आम्हा शेजाऱ्यांनाच धीर द्यावा लागतो, “काळजी करू नका, इतक्यात काही होत नाही.”

माणूस तसा अतिशय सौम्य. हिंजवडीच्या एका काचेच्या इमारतीत बसून परदेशातल्या विमा कंपनीला “सगळं वेळेवर होईल” असं इंग्रजीत सांगत राहणं ही नोकरी. आयुष्यात कधी सिग्नल मोडलेला नाही. पण २०२० साली टाळेबंदीत घरात कोंडलेले असताना त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात गाड्या घालणाऱ्या दाढीवाल्यांचे व्हिडिओ पाहिले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला महिंद्राने नवी थार बाजारात आणली. या दोन गोष्टी एका वर्षात व्हायला नको होत्या, असं वहिनी म्हणतात.

त्या दाढीवाल्यांचं समजू शकतं. तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅनिंग स्टॉक रूट नावाची गुरं हाकायची जुनी वाट आहे. सुमारे १८५० किलोमीटर, आणि वाळूच्या टेकड्यांमागून टेकड्या. तिथे गाडी रुतली तर लवकर कुणी फिरकेल याची खात्री नाही. दोन स्टेपन्या, डिझेलचे कॅन, पिण्याचं पाणी, हवा भरायचा पंप, स्वतःची गाडी स्वतः ओढून काढायचा विंच, हे सामान तिथे हौस म्हणून कुणी वाहत नाही. आपल्याकडे अडचण अशी की सह्याद्रीत माणसाला एकटं पडताच येत नाही. ताम्हिणीत थांबा नाहीतर वरंध्यात, पाचव्या मिनिटाला झुडपातून एक टोपी, एक काठी आणि चार शेळ्या बाहेर येतात आणि विचारणा होते, “कुणाकडं आलाय?” दहाव्या मिनिटाला चहाचा विषय निघतो. विसाव्या मिनिटाला तुमच्या मावसभावाच्या सासऱ्यांची ओळख निघते. रानवाट्यांच्या गाडीतलं निम्मं सामान ज्या परिस्थितीसाठी आहे, ती परिस्थिती महाराष्ट्र शासनाच्या हद्दीत उपलब्ध नाही.

पण सामान तर घेतलंच पाहिजे. सुरुवात टायरपासून झाली. ती टायरपासूनच होते. कंपनीने दिलेल्या टायरचं माप २५५/६५ आर १८, म्हणजे उंची साधारण ३१ इंच. रानवाट्यांनी ३३ इंची आणले, खास चिखलात चालणारे, जाडजूड ठोकळ्यांचे. हे टायर चिखलात गप्प असतात आणि बाकी सगळीकडे वाजतात. साहेब घरी परतत असल्याची वर्दी वहिनींना आता हमरस्त्यापासूनच मिळते; त्या उठून कुकर लावतात. मोठ्या चाकाचा दुसरा गुण असा की मीटर कमी दाखवतं. काट्यावर शंभर किलोमीटर झाले तेव्हा गाडी खरी एकशे सहा गेलेली असते. ॲव्हरेज पडलं असेल नाही, असं कुणी सहज म्हटलं तरी रानवाटे हा सहा टक्क्यांचा हिशोब कागदावर मांडून दाखवतात. तो मांडूनही ॲव्हरेज पडलेलंच निघतं, पण तोवर विचारणारा थकलेला असतो.

मग गाडी दोन इंच उचलली. उचलली म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून उंच केली. त्याने गुरुत्वमध्य वर गेला, वळणावर गाडी डुलू लागली, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागले, आणि रानवाट्यांच्या आईंना आत चढणं अशक्य झालं. दाराखालच्या पायऱ्या खडकाला लागतात म्हणून त्या आधीच काढल्या होत्या. त्यांच्या जागी जाड लोखंडी नळ्या आल्या. खडक घासला तरी त्या नळ्यांना काही होत नाही, मात्र गुडघेदुखीचा पाय तिथे टेकत नाही. मग नाना पेठेतले गाडीचं काम करणारे उस्ताद, बाणेरचे डॉक्टर आणि घरची मंडळी यांच्या विचारविनिमयातून तोडगा निघाला: स्वयंपाकघरातलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल. काकू कीर्तनाला निघाल्या की रानवाटे ते दाराशी मांडतात, काकू चढतात, स्टूल आत जातं. देवळापाशी हाच विधी उलट क्रमाने. या गाडीवर केलेल्या सगळ्या बदलांपैकी नित्य वापरात असलेला बदल हाच.

उस्तादांविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण रानवाट्यांच्या आयुष्यात साहेब कंपनीचा आणि गुरू हा. उस्तादांनी व्हिडिओ पाहिलेले नाहीत. रानवाटे मोबाइल पुढे धरतात, उस्ताद तो न बघता गाडीकडे बघतात आणि म्हणतात, “कट मारावा लागेल.” फेंडरला कट, बंपरला कट, डॅशबोर्डला कट. नव्या कोऱ्या गाडीच्या पत्र्यावर ग्राइंडर चालताना रानवाटे रस्त्याच्या पलीकडे जाऊन चहा पितात; त्यांना बघवत नाही. काम झाल्यावर उस्ताद फडक्याने हात पुसत विचारतात, “साहेब, जाणार कुठं?” या प्रश्नाचं उत्तर रानवाट्यांना अजून नीटसं देता आलेलं नाही. ते म्हणतात, “बघू, तयार तर होऊ दे.”

स्नॉर्केल बसवला तेव्हा तर सोसायटीत तर्कांना ऊत आला. पुढच्या काचेच्या कडेने छतापर्यंत गेलेली ती काळी नळी. लिफ्टमध्ये, सिग्नलला, पंपावर, सगळीकडे एकच विचारणा: “धूर इकडून जातो का?” रानवाटे प्रत्येकाला थांबवून समजावतात. धूर मागूनच जातो. ही नळी इंजिनाला हवा घ्यायला. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. तोंड छतापाशी नेलं की पाणी शिरण्याची भीती कमी. हे सगळं अगदी खरं आहे. फक्त या नळीने दरवाजांतून पाणी यायचं थांबत नाही, वायरिंग भिजायचं थांबत नाही, आणि गाडीच वाहून जाऊ लागली तर नळी तिच्याबरोबर जाते. शिवाय मूळ थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनीच सांगते. पुण्यात रस्त्यावर एवढं पाणी साचतं तेव्हा त्यात आधीच बंद पडलेल्या रिक्षा, स्कूटर आणि एक पीएमपी उभी असते. त्यांच्यामागे स्नॉर्केलवाली थारही उभी असते. तिला पाण्याचा प्रश्न नसतो, पुढच्या रिक्षाचा असतो.

खरा पेच पुढच्या लोखंडी बंपरचा. विंच बसवायचा तर तो हवा. आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना लिहून कळवलं आहे की गाड्यांना असे गार्ड लावू देऊ नका. पायी चालणाऱ्याला ते जबर लागतात आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही अडथळा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येणार नाहीत. रानवाट्यांना हे सगळं तोंडपाठ आहे. इतर कुणी बेकायदा काही लावलं तर ते तारखेसकट ऐकवतात. स्वतःचा बंपर बसवला त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र विंच दाखवायला त्यांनी मला खाली बोलावलं होतं.

व्हायचं ते झालंच. चौकात हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली.

“हे काय आहे पुढं?”

“विंच.”

“कशाला लागतो?”

“रिकव्हरीला.”

हवालदाराने गाडीला एक फेरी मारली. दोरखंड, हूक, फावडं, मोठा जॅक सगळं पाहून घेतलं आणि जरा मवाळ आवाजात विचारलं, “कुठल्या बँकेत? हप्ते थकलेल्या गाड्या ओढता ना?” दंड झाला तो झालाच, पण त्या दिवसापासून रानवाटे बंपर काढून ठेवतात आणि गावाबाहेर जायचं ठरलं की पुन्हा बसवतात. या कामाला एक पूर्ण शनिवार जातो. काढायला रविवार. मधे गावाबाहेर जायला वार उरत नाही.

आता आतली बाजू. थारला मुळात सीट चार. मागच्या दोन काढून तिथे प्लायवूडचे कप्पे आले, कप्प्यांवर बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज, फ्रिजसाठी वेगळी बॅटरी, त्या बॅटरीसाठी बॉनेटवर सौर पट्टी. डॅशबोर्डवर बटणांची एक नवी रांग, त्यांतली दोन कशाची आहेत ते उस्तादांनाच ठाऊक. फ्रिजचा उपयोग होत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पाडव्याला घरचा फ्रिज भरला की श्रीखंडाचे डबे खाली गाडीत जातात, आणि पहाटे अंगावर शाल घेऊन वहिनी थारचं मागचं दार उघडून कोथिंबीर काढताना दिसतात. प्रश्न एवढाच उरला की बायको, दोन मुलं आणि आई यांनी बसायचं कुठे. त्यासाठी घरात वॅगन-आर आहे. कोकणात जायचं तर कुटुंब वॅगन-आरमध्ये पुढे, आणि मागून एकटे रानवाटे, फ्रिजसह.

गाडीत बदल करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, पण तिची दिशा वेगळी होती. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे त्या वंशातल्या गाड्या सातारा-सांगलीकडे वडापला लागल्या. वडापवाल्याचं डोकं बघा. मागच्या दोन बाकड्यांच्या मधे त्याने फळी टाकली: तीन माणसं वाढली. मागे उभं राहायला लोखंडी पट्टी जोडली: चार वाढली. ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, जिथे कुठलीही सीट असणं शक्य नाही, तिथे एक पैलवान बसवला. टपावर कोंबड्या, भाजीची पाटी आणि सायकल. हेही बेकायदाच, आणि त्यात जीव गेलेले आहेत, तेव्हा त्याचं कौतुक जपून करायला हवं. पण प्रत्येक बदलागणिक वडापमध्ये माणूस वाढत गेला, आणि रानवाट्यांच्या प्रत्येक बदलागणिक एक माणूस खाली उतरला. शेवटी गाडी पूर्ण सज्ज झाली तेव्हा आत फक्त ते उरले होते.

यानंतर टपावरचा तंबू. वजन साठेक किलो. बटणं सोडली की उलगडतो, शिडी खाली येते, वर दोघांना झोपता येतं. टपावर तंबू कशासाठी, तर खाली सिंह, मगरी, साप असतात म्हणून. आफ्रिकेत ते रास्त आहे. आमच्या पार्किंगमध्ये एक मांजर आहे. तंबूची चाचणी तिथेच झाली. मुलं हरखली, बी विंगमधली झाडून सगळी पोरं शिडीने वर गेली, आणि रात्री रानवाटे एकटेच वर झोपले. सकाळी सूचना फलकावर सेक्रेटरींचा कागद होता: “पार्किंगच्या जागेत कोणीही मुक्काम करू नये.” नाव नव्हतं, गरजही नव्हती. तंबूमुळे गाडीची उंची सव्वादोन मीटरच्या घरात गेली आणि मॉलच्या तळघराच्या तोंडाशी टांगलेल्या आडव्या दांडीखालून ती जाईना. आता रानवाटे बाहेर रस्त्यावर गाडीत थांबतात. त्यांना मॉल कधीच आवडत नव्हता, त्यामुळे हा खर्च वसूल झाला असं ते मानतात.

थार चालवणाऱ्याचं एक दुःख बाहेरच्यांना कळत नाही: त्याच्याकडे पाहून लोकांना भलताच माणूस आठवतो. रानवाटे मुळशीत कुठल्या टेपाडावर गाडी घेऊन उभे राहिले की कुणीतरी येऊन विचारतं, “प्लॉट बघताय का? पलीकडं अकरा गुंठे आहेत, क्लिअर टायटल.” जमिनी विकून गब्बर झालेले गुंठामंत्री आणि त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या हे सगळं त्या गाडीला चिकटलेलं आहे, आणि संतवृत्तीच्या रानवाट्यांना ते धुऊन काढता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला एकाने वाहतूक कोंडी टाळायला थेट चंद्रा नदीत थार घातली आणि पोलिसांनी त्याला दंड केला. तो व्हिडिओ देशभर फिरला तेव्हा नातेवाइकांनी रानवाट्यांना फोन करून विचारलं, “तू नव्हेस ना?”

इथे मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. पुळणीवर गाडी घालणाऱ्यांचा ते मनापासून तिरस्कार करतात. वेळास, आंजर्ले, केळशी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी येऊन वाळूत अंडी घालतात. ती घरटी वरून दिसत नाहीत. दोन टनांची गाडी त्यावरून घोंघावत नेणाऱ्याला साहसी म्हणायचं कारण नाही. तो नुसता आडदांड असतो, आणि भरती आली की ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडतो. सड्यांवरच्या आणि माळांवरच्या गवताचंही तेच. एकदा चाकाची चाकोरी पडली की पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. रानवाटे बैलगाडीच्या जुन्या वाटेवरून खाली उतरत नाहीत, कचरा पिशवीत घालून परत आणतात, आणि शेताच्या बांधापाशी गाडी थांबवून मालकाला विचारून येतात. मालक बहुधा म्हणतो, “जावा की. पर तिकडनं डांबरी हाय.”

त्यांच्या विंचला खरं काम एकदाच मिळालं. सोसायटीसमोर पाइपलाइनसाठी चर खणून तो नेहमीप्रमाणे नुसत्या मातीने बुजवला होता, आणि सकाळी पाण्याच्या टँकरचं मागचं चाक त्यात गेलं. दहा हजार लिटरचा टँकर. ही बातमी ज्या वेगाने रानवाट्यांपर्यंत पोचली त्या वेगाने ते खाली आले. अंगात चौकटीचा लेंगा आणि हातांत चामड्याचे मोजे. त्यांनी पोरांना दोरखंडापासून लांब उभं केलं, दोरखंड तुटला तर झटका बसू नये म्हणून त्यावर ओलं पोतं टाकलं, सगळं अगदी शास्त्राप्रमाणे. विंचची ताकद साडेनऊ हजार पौंड, म्हणजे सुमारे ४३०० किलो. टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन, ट्रक वेगळा. अशा वेळी आपली गाडी मागून झाडाला बांधायची असते, हेही रानवाट्यांना माहीत होतं, आणि समोर गुलमोहर होता. पण पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, “झाडाला हात लावायचा नाही!” त्या वृक्ष संवर्धनवाल्या. रानवाट्यांनी झाड सोडलं आणि बटण दाबलं. दोरखंड ताणला गेला, विंचने कण्हून कण्हून ओढायला सुरुवात केली, आणि दोहोंपैकी जे हलकं होतं ते हललं. चारही चाकांना ब्रेक लागलेली थार डौलाने टँकरच्या दिशेने सरकत गेली.

टँकरचा ड्रायव्हर इतका वेळ बाजूच्या दगडावर बसून तंबाखू मळत होता. थार हातभर अंतरावर आल्यावर तो उठला. “सायेब, गाडी जड हाय तवर न्हाई निघायची. पानी सोडू का?” आणि उत्तराची वाट न बघता त्याने मागचा व्हॉल्व्ह फिरवला. पाणी सुटल्याबरोबर दोन्ही विंगमधून बादल्या, कळश्या, पिंपं बाहेर आली. निम्मा टँकर दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. ड्रायव्हरने चाकाखाली दोन दगड आणि एक जुनं पायपुसणं सरकवलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी बाहेर. सेक्रेटरी पाण्याच्या हिशोबाचं बोलू लागले तेव्हा रानवाटे पोतं पिळत होते. पण संध्याकाळी त्यांच्या आवाजात वेगळाच उत्साह होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या प्रसंगाने एकच सिद्ध झालं होतं: विंच लहान पडतो.

लडाखला ते जाऊन आले, ते राहिलंच. गाडीत जागा नसल्यामुळे वहिनी आणि मुलं विमानाने लेहला उतरली आणि तिथून भाड्याच्या इनोव्हात फिरली. रानवाटे पुण्याहून गाडी चालवत गेले आणि इनोव्हाच्या मागे फिरले. १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग ला या खिंडीपर्यंत ते एकटे पोचले, खाली उतरले, दम खात पाटीपाशी गेले. तिथे स्प्लेंडरवर आलेली कोल्हापूरची दोन पोरं भडंग खात बसली होती. “घ्या की काका,” म्हणाली.

परतल्यावर आम्ही हौसेने विचारलं, पँगाँग कसं आहे? “काठची वाळू मऊ आहे,” रानवाटे म्हणाले, “हवा अठरापर्यंत उतरवावी लागली असती, पण गाडी काठावर न्यायची परवानगी नाही.” आणि रंग? पाण्याचा रंग? त्यांनी जरा आठवून पाहिलं. “वहिनींना विचारा,” ते म्हणाले. फोटो इनोव्हावाल्यांकडे होते. पुण्याहून लेहपर्यंतचा अर्धा देश त्यांच्या स्मरणात फक्त जमिनीच्या पोतानुसार नोंदलेला आहे: कुठे रेती, कुठे मुरूम, कुठे नाल्यातले गोटे. आग्र्याविषयी विचारलं तर ते म्हणतात, सिमेंटचा रस्ता, टायर फार तापतात.

या गाडीवर त्यांनी किती खर्च केला हा आकडा वहिनींना ठाऊक नाही, आणि तो मी इथे छापणार नाही. एवढं सांगतो की जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ गाडीचाच भाव मिळतो. वरचा सरंजाम मोजत नाहीत. उलट पत्र्याला पाडलेल्या भोकांचे पैसे कापतात.

तरीही तुमच्या सोसायटीत रानवाटे असतील तर त्यांना हसू नका. जानेवारीतल्या थंडीत सकाळी सातला तुमच्या गाडीची बॅटरी उतरेल, मुलाची परीक्षा साडेआठला असेल, तेव्हा जाड केबली घेऊन पायजम्यावर खाली येणारा माणूस हाच. टायरमध्ये हवा कमी वाटली तर पंपावर रांग लावू नका, त्यांच्याकडे जा. कंप्रेसर उत्तम आहे, काटा अचूक आहे, आणि ते पैसे घेत नाहीत. फक्त जाताना तासभर हाताशी ठेवा. हवा चार मिनिटांत भरून होते.